मदत हवी आहे : तवंदी घाटात क्रूझ लावले की ऑटोमॅटिक गाडी गिअर शोधत बसते

नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीला राहते आणि आईकडे कोल्हापूरला महिन्यातून दोनदा तरी स्वतः गाडी चालवत जाते. गुडघेदुखीमुळे क्लच दाबणे नकोसे झाले, म्हणून गेल्या दिवाळीत ऑटोमॅटिक गाडी घेतली. गाडी सेकंडहँड आहे. पेट्रोल इंजिन, टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे देणारा भाग) सहा गिअरचा गिअरबॉक्स आणि साधे क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवून दिलेला वेग आपोआप राखणारे, पण पुढच्या गाडीचे अंतर पाहून स्वतः ब्रेक लावणारे नव्हे. आजवरचे रनिंग ७८,००० किलोमीटर आहे.

सपाट हायवेवर काहीही तक्रार नाही. ताशी ८० वर क्रूझ लावले की सहाव्या गिअरमध्ये आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा दोन हजारांच्या आसपास स्थिर राहतो. परतीच्या वाटेवर निपाणी सोडून तवंदी घाटाचा चढ सुरू झाला की मात्र गाडीचे तंत्र बिघडते. आधी वेग दोन-तीन किलोमीटरने घटतो, मग एकदम गिअर खाली पडून काटा साडेतीन हजारांपर्यंत उसळतो, वेग ८० ला पोहोचताच गाडी पुन्हा वरचा गिअर घेते, आणि दहा-पंधरा सेकंदांत हाच खेळ पहिल्यापासून सुरू होतो. मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारले, "गाडीला धाप लागली काय गं?" त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. पुढे वंटमुरी घाटातही कमी प्रमाणात हेच होते.

गेल्या आठवड्यातील प्रसंगाने तर मी घाबरलेच. चढावर दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर पुढे आला, मी ब्रेक दाबला, क्रूझ सुटले आणि वेग ४५ वर आला. ट्रॅक्टर मागे पडल्यावर मी सवयीने 'रिझ्यूम'चे, म्हणजे आधीचा ठरवलेला वेग पुन्हा धरायला लावणारे, बटण दाबले, तर गाडी क्षणभर थबकून अशी गरजत सुटली, की मी दचकून पुन्हा ब्रेकवरच पाय ठेवला.

जाताना, म्हणजे निपाणीच्या बाजूला उतरताना, उलटाच अनुभव येतो. क्रूझ ७० वर असूनही वेग आपोआप ८४ पर्यंत गेला. सर्व्हिस सेंटरमध्ये कॉम्प्युटर लावून पाहिला, बिघाडाचा एकही कोड निघाला नाही, आणि "मॅडम, ऑटोमॅटिक अशीच असते" असे सांगून त्यांनी गाडी परत दिली. आमच्या गल्लीतील मेकॅनिकच्या मते गिअरबॉक्स खोलावा लागेल. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, आणि हा दोष आहे की माझ्या चालवण्यातील चूक, हे कृपया कोणी सांगावे.

प्रतिसाद १

ताई, गिअरबॉक्स मुळीच खोलू देऊ नका. निदान आत्ता तरी नाही. आपण केलेल्या वर्णनात मला दोषापेक्षा क्रूझचा स्वभावच अधिक दिसतो. साध्या क्रूझला फक्त वेग कळतो, समोरचा चढ दिसत नाही. आपण स्वतः चालवताना चढ लागण्याआधीच पाय किंचित वाढवतो आणि वर पोहोचेपर्यंत वेग पाच-सातने उतरला तरी मनावर घेत नाही. क्रूझला तेवढा धीर नसतो. वेग घसरल्यावर ते थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) उघडते, सहाव्यात ताकद पुरत नाही म्हणून गिअरबॉक्स पाचवा किंवा थेट चौथा देतो, वेग भरून आला की थ्रॉटल मिटते, आणि गिअरबॉक्सला वाटते की चढ संपला. 'रिझ्यूम'चेही तेच. ऐन चढावर ४५ वरून ८० गाठण्याचा हुकूम आपणच दिला होता, तेव्हा गाडीने दोन-तीन गिअर खाली येऊन तो पाळला.

उपाय सोपा आहे. चढ सुरू होण्यापूर्वीच क्रूझ बंद करावे, लीव्हर मॅन्युअल बाजूला घेऊन चौथा गिअर धरावा आणि माथ्यापर्यंत तोच ठेवावा. काही गाड्यांमध्ये मॅन्युअलला घेतल्याबरोबर क्रूझ आपोआप सुटते, काहींत सुटत नाही, तेव्हा ते बटणानेच बंद केलेले बरे. चौथ्यात काटा तीन हजारांच्या वर राहील आणि आवाज थोडा वाढेल, पण त्याने इंजिनाचे काही बिघडत नाही. उलट सारखे गिअर बदलताना आणि टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारी पकड) सुटलेला असताना गिअरबॉक्सचे तेल जास्त तापते.

यातूनच दोषाची परीक्षाही होईल. त्याच चढावर चौथा धरला असता काटा वर जातो आणि वेग मात्र वाढत नाही, असे झाले तर गिअरबॉक्सच्या आतले, आपोआप चालणारे क्लच घसरत आहेत असे समजावे. काटा आणि वेग एकमेकांच्या बरोबरीने चालले, तर गिअरबॉक्स ठणठणीत आहे. गिअर न बदलता काटा दोन-तीनशेने हलला तर घाबरू नका, तो केवळ लॉक-अप सुटल्याचा किंवा लागल्याचा परिणाम असतो. एअर फिल्टर मात्र एकदा काढून बघा, कारण तो धुळीने कोंदला असेल तर इंजिनाचा दम कमी पडतो आणि गिअर उगाचच लवकर खाली येतो.

उताराबद्दल जरा कडक शब्दांत सांगतो. साधे क्रूझ थ्रॉटल मिटू शकते, ब्रेक लावू शकत नाही. तवंदीच्या उतारावर ब्रेक तापून निकामी झालेले ट्रक आपण सर्वांनीच पाहिले आहेत. ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरायचे, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. तिसरा किंवा चौथा गिअर धरून वेग इंजिनावर रोखावा आणि ब्रेक लागेल तेवढाच, अधूनमधून, पण नीट दाबावा.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याला जाणार असाल, तर त्या वळणांवर आणि विशेषतः पावसात क्रूझला हातच लावू नये. ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागले तरी क्रूझ आपला वेग राखण्याच्याच नादात असते.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. काल कोल्हापूरहून येताना सांगितल्याप्रमाणे निपाणीच्या पुढे क्रूझ बंद करून चौथा धरला. वेग ८० वरून ७२ पर्यंत उतरला आणि तिथेच टिकला, काटाही त्याबरोबरच राहिला, एकदाही उसळला नाही. सासूबाई चक्क झोपल्या होत्या. एअर फिल्टर काढला तर त्यातून मूठभर धूळ आणि उसाच्या पाचटाचे तुकडे निघाले.

एक शंका उरली आहे. सपाट रस्त्यावर ताशी पन्नासच्या सुमारास, अ‍ॅक्सिलरेटरवर अगदी हलका पाय असताना, खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी बारीक थरथर जाणवते आणि पाय थोडा वाढवला की ती जाते. गिअरबॉक्सचे तेल आजवर बदलल्याची नोंद आधीच्या मालकाच्या सर्व्हिस बुकात नाही. सर्व्हिस सेंटरवाले ते आयुष्यभराचे म्हणतात, पण गाडीच्या माहितीपुस्तिकेत डोंगराळ रस्त्यांवरील वापर कठीण समजून तेल लवकर बदलण्याची सूचना आहे. ही थरथर जुन्या तेलामुळे लॉक-अपमध्ये येत असेल काय? आणि या गिअरबॉक्सला डिपस्टिक (तेलाची पातळी पाहण्याची पट्टी) नसल्यामुळे, तेलाचे तापमान मोजूनच पातळी ठरवणारा माहीतगार फिटर बेळगाव, निपाणी किंवा खानापूर भागात कसा शोधावा, त्याला आधी कोणते प्रश्न विचारावेत?