मदत हवी आहे: हेडफोनचे पॅड बदलले, कान सुखावले पण बेस गायब

शब्दफेक
नमस्कार मंडळी, इथे ऑडिओवाले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय, आधी कुणी काढला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

माझ्याकडे सोनीचा एमडीआर-७५०६ आहे, तोच तो निळ्या पट्टीचा आणि स्प्रिंगवाल्या वायरचा, जो कुठल्याही रेकॉर्डिंग स्टुडिओत एक तरी लटकलेला असतोच. मी घरून ऑडिओबुकचं एडिटिंग करते, म्हणजे निवेदकाचे श्वास कमी करणे, चुकलेली वाक्यं काढून जोड देणे, तोंडाचे चटचट आवाज पुसणे वगैरे, त्यामुळे दिवसाचे पाच-सहा तास हेडफोन डोक्यावर असतो. आवाजाबद्दल तक्रार कधीच नव्हती. पण पॅड चपटे आणि माझे कान जरा मोठे, तासाभराने कानाची कड आत टेकून दुखायला लागते. त्यात मी राहते रत्नागिरीत, इथल्या दमट हवेत पॅडवरचं काळं आवरण पापुद्रे होऊन सुटायला लागलं. गालाला काळे ठिपके, केसात काळे ठिपके, चष्म्याच्या काडीला काळे ठिपके, सासूबाई रोज विचारायच्या की तोंडाला काय फासलंयस.

म्हणून ऑनलाइन वेलोरचे, म्हणजे मखमली कापडाचे, जाडजूड पॅड मागवले, ब्रँडबिंड काही नाही, वर्णनात "७५०६ ला बसतात" असं लिहिलेलं. बसले. आणि खरं सांगते, कानाला स्वर्ग, घाम नाही, टोचणं नाही, चष्मा घालूनही त्रास नाही. पण आवाज पार बदलला. खालचा भाग नाहीसाच झाला आणि स, श, च ही अक्षरं टोचायला लागली. मला वाटलं सवय होईल. मग क्लायंटकडून एका पुस्तकाच्या फायली परत आल्या, म्हणे मागे सतत बारीक हम, म्हणजे घूंऽऽ असा आवाज, आहे. मला ऐकूच आला नव्हता! नवऱ्याच्या साध्या इअरफोनवर ऐकला तर आहे की ढळढळीत.

आता प्रश्न असा की पॅडने खरंच एवढा फरक पडतो का, की माझा हेडफोनच गेलाय, आणि यूट्यूबवर लोक कप उघडून आत कापूस भरतात, टेप लावतात, त्याने बेस परत येईल का? कान आणि बेस दोन्ही सांभाळणारा काही मार्ग आहे का? सोल्डरिंग येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तारयंत्र
हेडफोन गेलेला नाही, निवांत राहा. आणि कप तर अजिबात उघडू नका, निदान आत्ता तरी.

तुमचा हेडफोन क्लोज्ड-बॅक, म्हणजे कप मागून बंद असलेला. क्लोज्ड-बॅकमध्ये पॅड म्हणजे नुसती उशी नसते, ड्रायव्हर (कपमधला छोटा स्पीकर) आणि तुमच्या कानाचा पडदा यांच्यामध्ये जी हवा कोंडलेली असते तिची भिंत म्हणजे पॅड. ड्रायव्हर ती हवा दाबतो आणि सोडतो, आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला ही हालचाल एवढी सावकाश असते की कुठे फट मिळाली तर हवेला निसटायला भरपूर वेळ मिळतो. पंक्चर ट्यूबमध्ये पंप मारत बसल्यासारखं आहे ते. वरच्या फ्रिक्वेन्सीला तेवढा वेळच मिळत नाही म्हणून ट्रेबल, म्हणजे वरचे तीक्ष्ण सूर, जागच्या जागी राहतो. वेलोर हे कापड, त्यातून हवा जाते, म्हणून बेस गेला. आणि स-श टोचण्याचं निम्मं कारण हेच की खालचा आधार गेल्यावर वरचं उघडं पडतं.

एक प्रयोग करा. मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, ४० हर्ट्झ लावा, आवाज कमीच ठेवा. मग दोन्ही तळव्यांनी कप कानावर हलकेच दाबा. दाबल्यावर घुमणं वाढलं तर सील गळतंय. हेच चष्मा काढून एकदा, चष्मा घालून एकदा. आणि इथे कळवा.

अण्णा_ठाणेकर
वर म्हटलंय ते बरोबर पण वेलोरला सरसकट नावं ठेवू नका हो. माझा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ८० ओहम, कंपनीचेच वेलोर पॅड, आणि बेस एवढा की शेजारचे विचारतील. तोही क्लोज्डच आहे.

तारयंत्र
अण्णा, तो हेडफोन मुळातच वेलोर धरून ट्यून केलाय. ७५०६ आला १९९१ साली, ४० मिमीचा ड्रायव्हर, ६३ ओहम, पातळ चपटं गुळगुळीत पॅड, आणि त्या पॅडसकट तो आवाज ठरवलेला. तुमच्या ७७० ला उलटे लेदरचे पॅड लावून बघा, तिथेही वेगळंच काहीतरी ऐकू येईल. म्हणून दुसऱ्याच्या हेडफोनवर "हे पॅड भारी" असं वाचून आपल्यासाठी घेण्यात फारसा अर्थ नसतो.

खमंग_काकडी
वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स आहे आणि हीच कानाची रड. मी ब्रेनवेव्ह्जचे एचएम५ वाले मेमरी फोमचे लावले, वेलोर नाही, प्रोटीन लेदरचे, म्हणजे गुळगुळीत कृत्रिम चामड्याचे. कानाला प्रशस्त जागा झाली, बेस थोडा बदलला पण गेला नाही, आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटतो, मला तर आवडलं. चढवताना मात्र घाम फुटतो. पॅडची मागची झालर खाचेत बसवायची असते ती एका बाजूने बसवली की दुसऱ्या बाजूने सटकते. जुनं मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्यायचं, खालून सुरुवात करायची, एक अंगठा तिथेच दाबून ठेवायचा आणि कार्डाने झालर आत सरकवत कडेकडेने जायचं. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, झालर टरकन फाटते.

@शब्दफेक, तुमच्या आधीच्या पॅडखाली ड्रायव्हरवर पातळ स्पंजची चकती होती का? ती आहे का अजून?

शब्दफेक
अगं बाई. होती. म्हणजे होती असं म्हणायला हरकत नाही, जुने पॅड काढले तेव्हा तिचा नुसता भुगा झाला होता, मला वाटलं कचराच आहे, ब्रशने झाडून टाकला.

प्रयोग केला. चष्मा घालून ४० हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही, दाबलं की एकदम घुमतं. चष्मा काढला तरी फार फरक नाही, दाबल्यावर मात्र परत तेच. म्हणजे गळतंय ना?

तारयंत्र
गळतंय, आणि चष्म्यापेक्षा कापडातूनच जास्त. छान, म्हणजे निदान झालं.

चकतीचंही कळलं. काकडीताई / दादा जे असाल ते, चांगली नजर आहे. तो स्पंज ट्रेबलला थोडासा लगाम घालतो आणि ड्रायव्हरवर धूळ-केस जाऊ देत नाही. फरक फार मोठा नसतो पण तुमच्या स-श मध्ये त्याचाही वाटा असणार. रिप्लेसमेंट पॅडच्या काही सेटमध्ये चकत्या सोबत येतात, बघून घ्या. नसतील तर पातळ मोकळ्या छिद्रांचा स्पंज त्याच आकारात कापून ठेवायचा, चिकटवायची गरज नाही, पॅडच धरून ठेवतो. पॅकिंगमधला पांढरा थर्माकोलछाप फोम नको, त्यातून हवा जात नाही. तोंडाने फुंकून बघा, पलीकडे फुंकर लागली पाहिजे.

मोकळा_श्वास
मी जरा वेगळं सुचवतो. आमच्याकडे गाडीच्या सीटची कव्हरं शिवणारा आहे, त्याच्याकडून रेक्झिनचे शिवून घेतले तर? पन्नास-शंभर रुपयात काम. पापुद्रे पण निघणार नाहीत.

अण्णा_ठाणेकर
रेक्झिन गालाला चिकटतं आणि वळत नाही, जबड्याच्या कडेला जिथे खळगा असतो तिथे फट राहणार म्हणजे परत बेस गेलाच. खरं मेंढीचं मऊ कातडं मिळालं तर गोष्ट वेगळी, ते त्वचेला धरून बसतं आणि पापुद्रेही सुटत नाहीत, पण ते शिवणारा कारागीर शोधा आधी.

पापुद्र्यांबद्दल सांगतो. प्रोटीन लेदर म्हणा, पीयू म्हणा, सगळं पॉलियुरेथेनचं, आणि बाष्प नि घामाने ते हळूहळू तुटतंच, कुठल्याही कंपनीचं असो. कोकणात तर विचारूच नका. काम झालं की सुक्या मऊ फडक्याने पुसा, ओले असताना डब्यात बंद करू नका, सिलिका जेलची पुडी ठेवा, सॅनिटायझर आणि स्पिरिट अजिबात लावू नका. तरी पॅड ही बदलत राहायचीच गोष्ट आहे, गाडीचे ब्रेक पॅड आपण बदलतोच की.

किमया_के
धाग्यात घुसते, माझा ब्लूटूथ नॉइज कॅन्सलिंगवाला आहे, त्यालाही असे जाड पॅड लावता येतील का?

तारयंत्र
लावता येतील पण बरेचदा पस्तावाल. नॉइज कॅन्सलिंगवाल्यांपैकी बऱ्याच हेडफोनमध्ये कपच्या आतही माइक असतो, तो कानाजवळ काय ऐकू येतंय ते मोजून उलटा आवाज सोडतो. हे सगळं गणित मूळ पॅडच्या आतल्या जागेवर बसवलेलं, जागा बदलली की कॅन्सलिंग कमी होतं आणि कधी चालताना ढबढब किंवा शिट्टीसारखा आवाजही येतो. त्या मॉडेलसाठीचेच, मूळ जाडीचे घ्या.

शब्दफेक
धन्यवाद सगळ्यांना. मग मी काय घेऊ? लेदरेटचे (त्याच कृत्रिम चामड्याचे) जाड? आणि कापूस-टेपचं कुणीच बोललं नाही. शिवाय इक्विलायझरने बेस वाढवला तर वेलोर ठेवता येतील ना? मला खरंच ते सोडवत नाहीत हो.

तारयंत्र
इक्विलायझरने गळका बेस भरून काढायला गेलात तर ड्रायव्हरला विनाकारण राबवाल, आणि वर मान वळवली, जबडा हलवला, चष्मा सरकवला की गळती बदलते म्हणजे बेसही बदलतो. गाणी ऐकायला चालेल, तुमच्या कामाला नाही. अजून एक, विंडोजवर इक्विलायझर एपीओ किंवा अँड्रॉइडवर वेव्हलेट टाकून ऑटोइक्यूचं (हेडफोनच्या मोजमापांवरून इक्विलायझर सेटिंग देणारा प्रकल्प) ७५०६ चं तयार सेटिंग लावायचा मोह होईल, पण ते मूळ पॅडवर मोजलेलं आहे. पॅड बदलले की ते सेटिंग तुमच्या हेडफोनचं राहत नाही.

कापूस कपच्या मागच्या पोकळीतले परावर्तन कमी करायला भरतात, पुढची गळती त्याने बुजत नाही. आतल्या वायरी केसासारख्या, एक तुटली की सोल्डर आलंच. काही जण आत ब्लू-टॅक (चिकट मऊ लुकण) लावतात, त्याने कप जड होतो, म्हणजे मानेला नवं दुखणं. ड्रायव्हरच्या मागे किंवा कपला बारीक भोकं दिसली तर तीही बुजवू नका, ती मुद्दाम ठेवलेली असतात. एकच टेप उपयोगाची, मेडिकलवाल्याकडची कागदी मायक्रोपोर. तिचा छोटा तुकडा पॅडखालच्या जाळीवर, ड्रायव्हरच्या पडद्यावर नव्हे. ट्रेबल जरा मऊ होतो, नाही आवडलं तर काढून टाकायची. पण आधी स्पंजची चकती, मग गरज पडली तर टेप, दोन्ही एकदम केलंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

घेताना तीन गोष्टी पाहा: गालाकडची बाजू गुळगुळीत आणि बिनछिद्राची, आतला फोम हळू उसळणारा मेमरी फोम म्हणजे चष्म्याच्या काडीभोवती तो वळतो, आणि मूळ पॅडपेक्षा थोडीच जास्त जाडी. फार जाड घेतले तर कान ड्रायव्हरपासून लांब जातो आणि आवाजाचा तोल परत हलतो.

खमंग_काकडी
जाडी वाढवायची नसेल तर देशी जुगाड: मूळ मापाचे नवे पॅड घ्या आणि त्यांच्या झालरीच्या आत, मागच्या बाजूला, म्हणजे कानाच्या मागे येतो तिथे, दार-खिडकीच्या फटीला लावायच्या स्पंजपट्टीचा चंद्रकोरीसारखा तुकडा सरकवा. कान मागेच जास्त टेकतो, तिथेच उंची मिळते. पट्टी बाहेर डोकावली तर मात्र फट पडते, तेवढं बघा.

आणि दाब जास्त वाटत असेल तर हेडबँड रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवा. डोक्यापेक्षा जेमतेम रुंद. फार ताणलात तर कप खाली सुटतील आणि परत सील गळेल.

अण्णा_ठाणेकर
अवांतर: हम पकडायला कानावर कशाला विसंबताय? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम ५० वर आणि त्याच्या पटीत १००, १५० वर दिसणारच. ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या फ्रिक्वेन्सींचं चित्र) उघडला की तळाशी आडव्या रेघा सरळ दिसतात. निवेदनाला ७०-८० हर्ट्झच्या खाली तसंही काही लागत नाही, हाय-पास (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावून टाका. १०० वाली रेघ मात्र पुरुषी आवाजाच्या अंगातच येते, तिथे अरुंद नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावा आणि लावल्यावर आवाज पोकळ होतोय का ते ऐका. ते ऐकायला चांगलं सील लागेल, म्हणजे पॅड बदलायला पर्याय नाहीच.

शब्दफेक
अण्णा, रेघा दिसल्या! दोन पुस्तकांत आहेत, आता ती निस्तरते आधी.

मेमरी फोमचे गुळगुळीत पॅड मागवले, सेटमध्ये चकत्या आहेत असं लिहिलंय. काकडी, पट्टी घरात आहे, खिडकीला लावून उरलेली. बसवल्यावर ४० हर्ट्झची चाचणी करून इथे लिहीन. वेलोरचे पॅड जेमतेम वापरलेले आहेत, कुणाला ७५०६ वर नुसतं गाणी-सिनेमासाठी हवे असतील तर सांगा, पोस्टाने पाठवते, पैसे नकोत.

मोकळा_श्वास
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.