बेसबॉल: जागेनुसार सर्वकालीन नऊ फलंदाज. कॅचर गिब्सन की पियाझा?

स्विचहिटर
निकष फक्त बॅट. क्षेत्ररक्षण, चोरलेले बेस, वर्ल्ड सिरीज यांतलं काही मोजायचं नाही. ज्या जागेवर सर्वाधिक सामने, ती खेळाडूची जागा. डीएच (पिचर म्हणजे गोलंदाजाऐवजी फक्त बॅटिंग करणारा) मात्र कुणीही चालेल. तुलना ओपीएस प्लसने (ऑन-बेस म्हणजे बेसवर पोहोचण्याचं प्रमाण, अधिक स्लगिंग म्हणजे हिटमधून दर पाळीमागे मिळालेले बेस): मैदान आणि त्या वर्षीची लीग जमेला धरून १०० म्हणजे सर्वसाधारण फलंदाज. नुसती सरासरी (वॉक वगळून दर पाळीमागे हिट) फसवते. १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती, आणि १९६८ मध्ये यास्त्रेम्स्की .३०१ वर अमेरिकन लीगमध्ये पहिला आला.

कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) पियाझा, फर्स्ट बेस गेरिग, सेकंड हॉर्न्सबी, शॉर्टस्टॉप वॅग्नर, थर्ड श्मिट, लेफ्ट फील्ड टेड विल्यम्स, सेंटर फील्ड मँटल, राइट फील्ड रूथ, डीएच बाँड्स. करा चिरफाड.

डगआउट_काका
गिब्सन कुठाय? २०२४ च्या मे महिन्यात निग्रो लीगचे (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे) आकडे मेजर लीगच्या नोंदीत आले, तेव्हा जॉश गिब्सनची सरासरी .३७२ आणि स्लगिंग .७१८ निघाली. स्लगिंगमध्ये रूथचा .६९० मागे पडला. असा माणूस हाताशी असताना पियाझा?

स्विचहिटर
गिब्सन थोर, वादच नाही. पण त्या लीगचे नोंदलेले हंगाम बहुतेक ६०-८० सामन्यांचे. १९४३ ची .४६६ त्यातलीच. हंगाम छोटा असला की आकडा वर उडतो, कारण त्याला खाली ओढायला पुढचे ८०-९० सामने नसतात. पियाझाने १९९७ मध्ये पिचरांना धार्जिण्या डॉजर स्टेडियमवर .३६२ आणि ४० होम रन काढले, तेही पूर्ण हंगाम पॅड बांधून. कॅचर म्हणून ३९६ होम रन हा विक्रम आहे.

शून्यबाद
छोटा हंगाम .४६६ ला लागू पडतो, दहाहून जास्त हंगामांच्या .३७२ ला तितका नाही. आणि सूट द्यायचीच तर दोन्हीकडे द्या. रूथ, गेरिग, हॉर्न्सबी यांना लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय पिचरसमोर उभं राहावं लागलं नाही. दार उघडलं ते १९४७ ला. तिघांचे आकडे जसेच्या तसे घेता आणि कात्री फक्त गिब्सनला? कॅचर गिब्सनच.

चेंडूफळी
माझा आक्षेप बाँड्सवर. २००४ चं .६०९ ऑन-बेस आणि २३२ वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट मिळणारा बेस), त्यातले १२० मुद्दाम दिलेले, हे सगळं स्टेरॉइडच्या काळातलं, ते सांगायला नको. डीएच ही १९७३ पासून रीतसर जागा आहे. तिथे एडगर मार्टिनेझ बसवा: .३१२ सरासरी, .४१८ ऑन-बेस.

डगआउट_काका
१९९८ अखेरपर्यंतचाच बाँड्स धरा. ४११ होम रन, तीन एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू). तेवढ्यावरही तो मार्टिनेझच्या पुढे. बाँड्स नकोच असेल तर हँक एरन आणा, मार्टिनेझ कशाला? राइटला रूथ आहे म्हणून एरन बाहेर राहिला एवढंच. खरं तर रूथ लेफ्टलाही हजारावर सामने खेळलाय. ऊन डोळ्यांवर येणारी बाजू तो टाळायचा आणि मैदान बघून जागा बदलायचा. पण त्याला लेफ्टला सरकवा किंवा नका सरकवू, नऊ नावं तीच राहतात.

चेंडूफळी
एरन चालेल. श्मिटच्या .२६७ वर कुणीच बोललं नाही? वेड बॉग्सची .३२८ आहे.

शून्यबाद
श्मिट आठ वेळा नॅशनल लीगचा होम रन किंग होता, शिवाय वॉक भरपूर. थर्ड बेसचा विषय संपला. फलंदाजीचा क्रम लावा आता.

स्विचहिटर
बरं, गिब्सन मान्य. बाँड्स मात्र ठेवतोय. विल्यम्स (.४८२ ऑन-बेस, इतिहासात सर्वाधिक), हॉर्न्सबी, रूथ, गिब्सन, बाँड्स, मँटल, गेरिग, श्मिट, वॅग्नर. डावखुरे एकाआड एक येतील असं बघितलंय, म्हणजे समोरच्याला डावखुरा रिलीव्हर (मधेच आणलेला पिचर, डावखुऱ्या फलंदाजांना जड जाणारा) आणून फायदा नाही.

शून्यबाद
रूथ दुसरा हवा. तिसऱ्या क्रमांकाच्या वाट्याला दोन बाद आणि बेस रिकामे अशी पाळी फार येते, विशेषतः पहिल्या इनिंगमध्ये. शिवाय एक क्रमांक खाली गेलं की १६२ सामन्यांत साधारण १८ पाळ्या बुडतात. डावखुऱ्यांची धास्ती २०२० पासून राहिलीच नाही: रिलीव्हरला तीन फलंदाजांना चेंडू टाकावेच लागतात, इनिंग संपली तरच सुटका. विल्यम्स-रूथसाठी डावखुरा आणला तर पुढे उजवा हॉर्न्सबी उभा. आणू दे की.