पोरांना घरकामाचे पैसे द्यावेत का?

लालबागकर: काल आईच्या गोळ्या आणायला लेकाला (वय ९) खाली मेडिकलमध्ये पाठवत होतो. चप्पल घालता घालता म्हणाला, "किती देणार?" चूक माझीच. जूनपासून फ्रिजवर तक्ता लावलाय: अंथरूण आवरलं की ५ रुपये, पुस्तकाची २० पानं वाचली की १०. आधी हाच पोरगा जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवायचा, आई ओरडायची. आता विसावं पान आलं की वाक्य अर्धवट टाकून पुस्तक मिटतो. तक्ता काढून टाकू का?

गोरेगाव_पूर्व: अजिबात नको. आम्ही दोघंही साडेसातला घराबाहेर, पुढे लोकलची लढाई. लेकीला आतून वाटेल तेव्हा ती डबा घासेल म्हणून थांबले तर डब्याला बुरशी येईल. पगार बंद झाला तर तुम्ही तरी ऑफिसला जाल का?

लालबागकर: ऑफिसचा पगार ठीक. आजीच्या गोळ्यांचा कसला?

बालवाडीताई: १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायची आवड असलेलीच मुलं घेतली. काहींना प्रशस्तिपत्रक आधी कबूल केलं, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर कबुलीवाली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. बक्षिसाने नाही, सौद्याने घात केला. पुस्तकाची ओळ आजच खोडा. अंथरुणाचे ५ राहिले तरी चालतील, तिथे मुळात आवडच नाही, मग मरणार काय?

गोरेगाव_पूर्व: म्हणजे डब्याचे पैसे चालतील. हेच तर म्हणत होते! आणि बालवाडीच्या चित्रांवरून आमच्या पाढ्यांचं ठरवू नका.

गिरगावची_आजी: चाळीत पहाटे नळाला पाणी यायचं. घरचे हंडे मी धाकाने भरले, हौसेने नाही, त्यामुळे जुनं ते सोनं मी म्हणणार नाही. पण शेजारच्या काकूंची कळशी मात्र न सांगता भरायचे. त्या सगळ्यांना सांगायच्या, "पाण्याची वेळ हिला विचारा."

लालबागकर: पुस्तकाची ओळ खोडली. आईच्या गोळ्यांची डबी भरायचं काम लेकाकडे दिलंय, पैसे नाहीत. पहिल्याच दिवशी रात्रीची गोळी सकाळच्या खणात! मी मागून तपासतो, त्याला कळू न देता.

गोरेगाव_पूर्व: कळू द्या हो. गोळ्या आहेत त्या.