अनुभव धागा: ग्लुटेन नाही, दूध नाही, ग्लुटामेटही कमी. मग शिजवायचं काय?

ग्लुटेन (गहू-बार्लीतलं प्रथिन) आणि दूध बंद झालं की घरात ‘ग्लुटेन नसलेली’ आणि ‘दूध नसलेली’ पाकिटं येऊ लागतात, आणि नेमक्या त्याच पाकिटांतून ग्लुटामेट (अजिनोमोटोत असतो तो चव वाढवणारा पदार्थ, काहींना याचा त्रास होतो असं वाटतं) मागच्या दाराने शिरतं. गहू आणि चीज काढल्यावर जी चव जाते, ती कारखाने यीस्टचा अर्क, सोयाचं किंवा वाटाण्याचं प्रथिन घालून भरून काढतात. म्हणून तिन्ही पथ्यं एकदम सांभाळायची तर बहुतेक गोष्टी घरीच कराव्या लागतात. अशा स्वयंपाकाची मापं, वेळा आणि फसण्याची कारणं इथे लिहा. ‘मस्त झालं’ यापेक्षा किती ग्रॅम आणि किती मिनिटं, ते उपयोगी पडेल.

एक सूचना आधीच. सिलिअ‍ॅकची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) शंका असेल तर ग्लुटेन बंद करण्यापूर्वी तपासणी करून घ्या. आहारात ग्लुटेन नसताना केलेली रक्ततपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

———

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू या. ग्लुटामेट जवळजवळ प्रत्येक प्रथिनात असतं, पण साखळीत बांधलेलं. जिभेला लागतं ते मोकळं ग्लुटामेट, आणि कमी करायचं तेही तेच. आंबवणं, मुरवणं, वाळवणं, तासन्‌तास उकळणं यांनी मोकळ्या ग्लुटामेटचं प्रमाण वाढतं. ग्लुटामिक आम्ल (ग्लुटामेट याचंच रूप) पहिल्यांदा वेगळं केलं गेलं १८६६ मध्ये, आणि तेही गव्हाच्या ग्लुटेनमधूनच. नावही तिथूनच आलं. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून त्याची चव ओळखली.

१०० ग्रॅममागे मोकळं ग्लुटामेट, साधारण आकडे: मुरवलेलं पार्मेझान चीज १२०० मिलिग्रॅम किंवा जास्त, मटार २००, पिकलेला टोमॅटो १४० ते २५०, मका १३०, बटाटा १००, कोंबडी ४४, गाजर ३३, अंडं २३, कांदा २० च्या आत. गाईच्या दुधात जेमतेम २. म्हणजे दूध बंद असतं ते दुधासाठी, ग्लुटामेटसाठी नव्हे. ही दोन कारणं मनात वेगळी ठेवली नाहीत तर पथ्य विनाकारण लांबत जातं.

———

लेबलं वाचताना ई ६२० ते ई ६२५ हे ग्लुटामेटचे क्रमांक तर सगळेच शोधतात. खरी गंमत पुढे आहे: नको असलेल्या गोष्टी दुसऱ्या नावांआडूनही येतात. यीस्टचा अर्क, ऑटोलाइज्ड यीस्ट, हायड्रोलाइज्ड प्रथिन, माल्टचा अर्क (हा बार्लीचा, म्हणजे ग्लुटेनही आलंच), सोडियम केसिनेट (हे दुधाचं), तयार स्टॉकच्या वड्या, चिप्सवरची मसाला पूड. ई ६२७, ६३१ आणि ६३५ हे स्वतः ग्लुटामेट नाहीत, पण त्याची चव कित्येक पटीने वाढवतात. ते दिसले की बाजूला ग्लुटामेट असणारच असं धरून चालावं.

दोन सापळे पथ्य करणाऱ्यांसाठीच लावल्यासारखे आहेत. तामारी हा सहसा गहू नसलेला सोया सॉस: ग्लुटेन नाही, मोकळं ग्लुटामेट भरपूर. दुसरी न्यूट्रिशनल यीस्ट (निष्क्रिय यीस्टची चवीसाठीची पूड), जी दूध नसलेल्या ‘चीज’मध्ये हमखास असते. तिसरा जरा साधा: हिंगाच्या डबीत बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

———

मुलं टोमॅटोवाचून जेवत नसतील तर हा लाल सॉस करून बघा. साधारण पाऊण लिटर होतो.

गाजर ५०० ग्रॅम, बीट ६० ग्रॅम, कांदा १०० ग्रॅम, लसूण २ पाकळ्या, तेल २ मोठे चमचे, पाणी ३०० मिली, मीठ ६ ग्रॅम, लिंबाचा रस ३० मिली, मिरपूड.

कांदा मंद आचेवर १२ मिनिटं परतायचा. सोनेरी झाला की पुरे, करपू द्यायचा नाही. गाजर, बीट, लसूण, पाणी घालून झाकण ठेवून २५ मिनिटं शिजवायचं, मग गुळगुळीत वाटायचं. लिंबू शेवटी, आच बंद केल्यावर. आधी घातलं तर आंबटपणामुळे गाजर लवकर मऊ होत नाही आणि सॉस कितीही वाटला तरी रवाळ राहतो. बीट ८० ग्रॅमच्या वर गेलं की रंग जांभळट आणि वास मातकट, मग मुलं ताट सरकवतात. पुन्हा पुन्हा गरम केल्यावर लाल रंग तपकिरी होतो, म्हणून लागेल तेवढाच काढून गरम करावा.

अगदी खरा टोमॅटो हवाच असेल तर बियांभोवतीचा गर काढून टाका. मोकळं ग्लुटामेट बाहेरच्या मांसल भागापेक्षा त्या गरात जास्त असतं. पेस्ट आणि वाळवलेला टोमॅटो मात्र नकोच.

———

पाव. सगळ्यात जास्त इथेच फसतं, म्हणून सविस्तर.

तांदळाचं बारीक पीठ २०० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च १०० ग्रॅम, इसबगोलाची भुसी १५ ग्रॅम, कोमट पाणी २८० मिली, अंडी २, तेल ३० मिली, मीठ ५ ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, लिंबाचा रस ३० मिली.

भुसी आधी पाण्यात घालून लगेच ढवळायची आणि १० मिनिटं ठेवायची. कोरड्या पिठात मिसळून वरून पाणी ओतलं तर गुठळ्या होतात आणि पावात चिकट ठिपके दिसतात. त्यात अंडी, तेल, मीठ, दोन्ही पिठं घालून २० मिनिटं मुरू द्यायचं. तांदळाचं पीठ पाणी पितं आणि खाताना कचकच लागत नाही. सोडा चाळून मिसळायचा, सगळ्यात शेवटी लिंबू. इथून पुढे घाई! बुडबुडे लगेच सुटतात, त्यामुळे ओव्हन आधीच १८० अंशांवर तापलेला हवा. ५० ते ५५ मिनिटं. मधोमध तापमापक खुपसला तर ९६ ते ९८ अंश दिसायला हवेत.

आणि मग दोन तास हात लावायचा नाही. गरम कापलात तर आत ओला, लगद्यासारखा लागेल, आणि दोष भाजण्याला दिला जाईल. खरं तर स्टार्च थंड होतानाच घट्ट बसतो.

बेकिंग पावडर न वापरता सोडा आणि लिंबू का? काही बेकिंग पावडरींत गव्हाचा स्टार्च असतो. अर्ध्या चमच्याच्या सोड्याला ३० मिली रस बरोबर पुरतो. रस कमी पडला तर साबणासारखी चव येते.

———

वरच्या पावात भर: भुसीऐवजी दळलेली पूड असेल तर ती १० ग्रॅमच घ्या, नाहीतर पाव रबरी होतो. आणि कधीकधी पाव आतून जांभळट निघतो. ते इसबगोलामुळे होतं. खराब झालेला नाही, खा खुशाल.

———

पांढरा सॉस: फ्लॉवर ३०० ग्रॅम, घट्ट नारळाचं दूध १५० मिली, तांदळाचं पीठ १ मोठा चमचा ५० मिली पाण्यात कालवून, तेलात परतलेली लसणीची १ पाकळी, चिमूटभर जायफळ, मीठ. फ्लॉवर १० ते १२ मिनिटंच उकडायचा. जास्त उकडला की गंधकाचा वास सुटतो आणि तो वास कशानेच झाकत नाही. वाटून, बाकी सगळं घालून मंद आचेवर ५ मिनिटं. खळखळ उकळलं तर नारळाचं दूध फाटतं. दाटपणासाठी बटाटा मिक्सरमध्ये घालू नका. पाती स्टार्चचे कण फोडतात आणि सॉसचा गोंद होतो.

———

स्टॉकबद्दल माझं मत ठाम आहे: आठ-दहा तास उकळलेला हाडांचा सार या पथ्यात बसत नाही, कितीही पौष्टिक म्हणून सांगितला तरी. हाडांसकट ५०० ग्रॅम कोंबडी, दीड लिटर पाणी, एक गाजर, आलं, तमालपत्र, दहा मिरे; उकळी आल्यावर मंद आचेवर ४० मिनिटं, बस्स. मांस सोडवून जेवणात वापरा. पाणी गाळून दोन तासांच्या आत थंड करा आणि बर्फाच्या साच्यात गोठवा. शिळा स्टॉक फ्रिजमध्ये चार दिवस ठेवण्यापेक्षा हे बरं.

मीटबॉल: ५०० ग्रॅम खिमा, ८० ग्रॅम गार भात चुरून, १ अंडं, ६ ग्रॅम मीठ, जिरेपूड. पावाच्या चुऱ्याचं काम भात करतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले नाहीत तर तव्यावर फुटतात. आत ७४ अंश हवेत. खिमा पाकिटातला असेल तर ‘ब्रॉथ’ (मांसाचं चवदार पाणी) टोचलेला नाही ना, ते बघून घ्या.

———

चव सपक लागली की हात मिठाकडे जातो. तिथे थांबा, आधी आंबट घाला. एका वाढीला अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस, मग चाखा, मगच मीठ. दुसरं म्हणजे खरपूसपणा: भाजी पुसून कोरडी करा, भांडं आधी चांगलं तापवा, एकावेळी थोडीच टाका. ओल्या भाजीची भांड्यात गर्दी केली तर ती वाफवली जाते, भाजली जात नाही.

घरात सगळेच पथ्यावर नसतील तर पथ्यात बसेल असं एकच पातेलं शिजवावं, आणि चीज किंवा सॉस ज्याचा त्याने ताटात वाढून घ्यावा. सिलिअ‍ॅक असेल तर मात्र टोस्टर, चाळणी आणि लाकडी डाव वेगळे. ‘ग्लुटेनमुक्त’ची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, गव्हाच्या पावाचा चुरा ती सहज ओलांडतो.

———

लहान मुलं असतील तर दोन गोष्टी. घरचं नारळाचं किंवा बदामाचं दूध पांढरं दिसतं म्हणून त्यात कॅल्शियम असतं असं नाही. न सोललेल्या तिळाच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ८८ मिलिग्रॅम मिळतं. ते कुटून किंवा वाटून द्या, अख्खे तीळ बरेचसे तसेच बाहेर पडतात. काट्यांसकट खाता येणारे डबाबंद मासेही चांगले, फक्त डब्यात सोया किंवा ‘ब्रॉथ’ नको. पूर्ण हिशेब आहारतज्ज्ञाकडून करून घ्या, अंदाजावर सोडू नका.

दुसरं, सगळंच तांदळाचं होऊ लागलं की आर्सेनिकचा प्रश्न येतो. भात सहापट पाण्यात शिजवून पेज ओतून टाकली तर ते बरंच कमी होतं. पिठातही अधूनमधून ज्वारी किंवा बकव्हीट (कुट्टू) घ्या.

———

थोडं थंड डोक्याने. काटेकोर चाचण्यांमध्ये ग्लुटामेटचा त्रास दरवेळी सारखा दिसून आलेला नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये बाहेरून घातलेल्या ग्लुटामेटसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. २० किलोच्या मुलाला ६०० मिलिग्रॅम. त्यामुळे चार आठवडे पथ्य, रोज दोन ओळींची नोंद, आणि मग एकेक पदार्थ परत: पहिले तीन दिवस फक्त मटार, मग तीन दिवस फक्त टोमॅटो. दोन्ही एकदम दिले तर कशाने काय झालं ते कळायचं नाही, आणि महिनाभराची वही वाया.