'लिटरली' डोक्यात जातो, अगदी लिटरली

शब्दखोर:
'आय लिटरली डाइड.' मग हे टाइप कोण करतंय, भूत? इंग्रजीत 'लिटरली'ला, म्हणजे आपल्या 'अक्षरशः'ला, एकच काम होतं: बाबा रे, हे वाढवून सांगत नाहीये, जसं घडलं तसंच सांगतोय, एवढं बजावायचं. नेमका तोच शब्द लोकांनी तिखटमीठ लावायला घेतला. आता एखाद्याचं खरंच डोकं फुटलं तर त्याने सांगायचं कसं? वर ऑक्सफर्डच्या कोशातही हा उलटा अर्थ. त्यावरून २०१३ साली बोंबाबोंब झाली, पण अर्थ काही हलला नाही.

जुनाट:
कोश नोंदी ठेवतो, परवाने देत नाही. आणि ही आजकालच्या पोरांची करणी समजू नका. ऑक्सफर्डमध्येच या वापराचं १७६९ सालचं उदाहरण आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनच्या कादंबरीतला टॉम सॉयर (१८७६) मित्रांकडून कुंपण रंगवून घेतो आणि दुपारपर्यंत 'लिटरली' संपत्तीत लोळायला लागतो. संपत्ती काय, तर बारा गोट्या, खडूचा तुकडा, कुठलंच कुलूप न उघडणारी किल्ली आणि एक डोळा नसलेलं मांजराचं पिल्लू! तुम्हीही 'अक्षरशः वेड लागलं' म्हणता की. दाखवा सर्टिफिकेट.

शब्दखोर:
ट्वेन मुद्दाम खिल्ली उडवत होता. इथे दर दुसऱ्या वाक्याला सवयीने येतो, त्याचं काय?

कुंपणावरची:
सवयीचा जाच होतो, हे खरं. पण 'लिटरली'चा अर्थ संदर्भाने कळतो, मेलेला माणूस बोलत नाही. खरं नुकसान 'डिसइंटरेस्टेड'चं झालंय: मूळ अर्थ 'स्वार्थ नसलेला', लोक वापरतात 'रस नसलेला' म्हणून. 'द जज वॉज डिसइंटरेस्टेड' हे कौतुक की तक्रार? न्यायाधीशाचा खटल्यात स्वार्थ नको, पण त्याने जांभया देत बसणंही नको. रस नसलेल्यासाठी 'अनइंटरेस्टेड' आहे ना!

जुनाट:
इथे थोडं पटतं. तरी 'रस नसलेला' हा अर्थ सतराव्या शतकापासूनचा आहे, कोणी काल घुसडलेला नाही. निकालपत्रात मी सरळ 'इम्पार्शल' (निःपक्षपाती) लिहीन. वाद मिटला.

कुंपणावरची:
शब्द सोडून पळालात, त्याला वाद मिटवणं म्हणत नाहीत.

खडूफळा:
'लेस' आणि 'फ्युअर' राहिलंच! मोजता येतं तिथे 'फ्युअर'. सुपरमार्केटच्या काउंटरवर 'टेन आयटम्स ऑर लेस' ही पाटी वाचली की दात शिवशिवतात.

जुनाट:
१७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने 'इथे फ्युअर जास्त शोभेल' असं स्वतःचं मत लिहिलं होतं. पुढच्यांनी त्याचा कायदा केला. त्याआधी कित्येक शतकं लोक मोजायच्या वस्तूंनाही 'लेस' लावत होते, कोणाचं काही अडलं नाही. आणि 'टेन मिनिट्स ऑर लेस' तुम्हीही खपवून घेताच.

खडूफळा:
मिनिटं हा सलग वेळ. डबे सुटे असतात.

जुनाट:
ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केटने २००८ मध्ये पाटीच बदलली, 'अप टू टेन आयटम्स'. दोन्ही शब्दांना नमस्कार.

शब्दखोर:
बदलली ना पण? मग कुरकुऱ्यांचं कोणी ऐकत नाही म्हणू नका.