कमी पैशांत डेस्कटॉप जोडताना आधी काय घेतलं, नंतरसाठी काय ठेवलं? अनुभव लिहा

भाचा इंजिनिअरिंगला लागलाय. घरून ४० हजार मिळणार आहेत आणि त्यातच मॉनिटर बसवायचा आहे. त्याला लॅपटॉप नको, डेस्कटॉपच हवा, कारण पैसे साठतील तशी त्यात भर घालता येईल. "पुढे भर घालता येईल" हे दुकानातही सर्रास ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात कधी बोर्डाला (सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) नवा प्रोसेसर चालत नाही, कधी एसएमपीएसला (मशीनला वीज देणारा डबा) ग्राफिक्स कार्ड पेलत नाही, तर कधी कॅबिनेटमध्ये जागाच नसते. म्हणून हा धागा. कमी बजेटमध्ये मशीन जोडलंत तेव्हा पैसे कशावर घातले, काय मागे ठेवलं आणि मागे ठेवलेलं नंतर खरोखर बसलं का, ते लिहा. मॉडेल आणि साल जरूर द्या. नुसतं "चांगला प्रोसेसर घ्या" एवढ्याने कोणाचं भागत नाही.

सुरुवात मी करतो. २०१८च्या दिवाळीत बी४५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड घेतला आणि त्यावर एएमडीचा रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर. नावात जी असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, त्यामुळे कार्डाचा खर्च टळला. ते पैसे बोर्ड, ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस आणि मोकळं कॅबिनेट यांत घातले. दुकानदार ए३२० चिपसेटचा स्वस्त बोर्ड दाखवत होता. त्यात रॅमचे दोनच स्लॉट होते आणि प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा तुकडा) नव्हतं, म्हणून मी बी४५०वर ठाम राहिलो. हा निर्णय पुढे फार उपयोगी पडला. एएमडीने एएम४ हे सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) २०१७च्या पहिल्या रायझनपासून २०२२च्या ५८००एक्स३डीपर्यंत आणि त्याही पुढे चालवलं. माझ्या त्याच बोर्डावर आज रायझन ५ ५६०० आहे.

यात क्रम महत्त्वाचा. ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे आधी आरएक्स ६६०० कार्ड घेतलं, मग प्रोसेसर. आणि बायॉस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करून घेतलं. ते केल्याशिवाय नवा प्रोसेसर लावला असता तर बोर्डाने त्याला ओळखलंच नसतं.

प्रोसेसर काढण्याचं काम जरा तपशिलात लिहितो, कारण इथे नुकसान होतं. एएम४मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. कूलर थंड असताना सरळ वर ओढला तर वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसर आणि कूलरच्या मधला उष्णता वाहणारा लेप) प्रोसेसर सॉकेटमधून उपसून कूलरबरोबर वर येतो आणि पिना वाकतात. म्हणून मशीन आधी चांगलं गरम होईपर्यंत चालवलं, बंद करून वायर काढली, स्क्रू सोडवले आणि कूलर डावीकडे-उजवीकडे अलगद फिरवत राहिलो. पेस्टची पकड सुटली की हाताला कळतं. मगच उचलला.

आता तुम्ही लिहा.

सांगली, डीटीपीचं काम करते

माझं काम लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक. दिवसभर कोरल आणि श्रीलिपी. गेमचा संबंध नाही, त्यामुळे ग्राफिक्स कार्डावर पैसे घालायचेच नव्हते. जुनं मशीन आय३-७१००चं होतं, त्यातली डीडीआर४ची (रॅमचा एक प्रकार) ८ जीबी पट्टी उत्तम चालत होती. तीच नव्या मशीनमध्ये वापरायची असं ठरवूनच कोटेशन मागितलं: एच६१० चिपसेटचा डीडीआर४वाला बोर्ड आणि आय३-१२१००. इंटेलच्या १७०० सॉकेटला काही बोर्ड डीडीआर४चे येतात, काही डीडीआर५चे, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. हे बोर्ड घेतानाच पाहावं लागतं.

दुकानातून कोटेशन आलं त्यात १२१०० ऐवजी १२१००एफ लिहिलं होतं, किंमत थोडी कमी. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड न घेणाऱ्या माणसाला हा प्रोसेसर दिला तर मॉनिटर काळाच राहणार. मी फोन करून बदलून घेतलं. ज्यांना हे अक्षर माहीत नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मला अजून सतावतो. बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, वाचून घ्या.

एच६१०च्या बोर्डवर रॅमचे स्लॉट दोनच. जुनी ८ची पट्टी एकात, दुसरी ८ची वर्षभराने टाकली. दोघींचा वेग वेगळा आहे, त्यामुळे दोन्ही कमी वेगाने चालतात, पण माझ्या कामाला फरक जाणवत नाही. पुढे कधी आय५-१३४०० लावायचा ठरला तर सॉकेट तेच आहे, फक्त बायॉस पाहावं लागेल.

चिपळूण

मी एसएमपीएसबद्दलच लिहिणार. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं आणि हवा दमट. शेजारच्या मुलाने मशीन घेतलं तेव्हा दुकानदाराने कॅबिनेटबरोबर "५०० वॉटचा एसएमपीएस फ्री" दिला. मुलाला दीड वर्षाने कार्ड लावायचं होतं, तेव्हा मला बोलावलं.

झाकण उघडून मी एसएमपीएसच्या अंगावरचा तक्ता वाचला. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर होते. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघं जगतात ते याच १२ व्होल्टवर. बाकीचे आकडे ३.३ आणि ५ व्होल्टचे, त्यांची बेरीज करून खोक्यावर ५०० छापलं होतं. त्या मुलाला हवं असलेलं कार्ड एकटंच शंभरावर वॉट खाणार होतं. कार्डाला लागणारा ६ किंवा ८ पिनांचा कनेक्टरसुद्धा त्या एसएमपीएसला नव्हता.

तुमच्या भाच्याला सांगा, काहीही मागे ठेव पण हे नको. चांगल्या कंपनीच्या साध्या ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा एक दर्जा) एसएमपीएसला बहुधा ५ वर्षांची वॉरंटी असते आणि तो पुढच्या मशीनलाही चालतो. त्याच्या १२ व्होल्टचे वॉट एकूण वॉटच्या जवळपास असतात, तीच त्याची ओळख.

यूपीएसही त्याच हिशेबात धरा. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. मशीन आणि मॉनिटर आज त्यावर आरामात चालतील, कार्ड आल्यावर तो लोड घेईलच असं नाही. आणि पावसाळ्यात मशीन आठवडाच्या आठवडा बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालवलं की आतली उष्णता ओल धरू देत नाही.

छत्रपती संभाजीनगर, शाळेत शिक्षक

कचेऱ्यांतून निघालेली जुनी ब्रँडेड मशीन नीट करून विकतात, तसं एक मी मुलीसाठी घेतलं. किंमत बघता खरंच छान वस्तू आहे. प्रोसेसर ८व्या पिढीचा आय५. ८वी पिढी मुद्दाम मागितली, कारण विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या ८व्या पिढीपासून पुढेच चालतं. त्याच दुकानात ६व्या-७व्या पिढीची मशीनं बरीच स्वस्त होती.

पण "पुढे भर" या मशीनांत मर्यादेतच घालता येते. रॅम आणि एसएसडी वाढवली, त्यात काही अडचण आली नाही. एसएमपीएस मात्र त्या कंपनीच्याच आकाराचा आणि वेगळ्या कनेक्टरचा असतो, बाजारातला बसत नाही. बोर्डही त्याच कॅबिनेटपुरता. आमचं कॅबिनेट बारीक असल्याने कार्डही कमी उंचीचंच लागतं, आणि तेही वेगळी वायर न मागणारं. मुलीसाठी जीटी १०३० बघत होतो तेव्हा कळलं की या एकाच नावाची दोन कार्डं आहेत. २०१७चं मूळ जीडीडीआर५ मेमरीचं आणि २०१८चं डीडीआर४चं. मेमरीची वहनक्षमता सेकंदाला ४८ जीबीवरून सुमारे १७ जीबीवर आलेली, तरी खोक्यावर नाव तेच. दोन दुकानांत डीडीआर४चंच होतं. तिसऱ्यात पहिलं मिळालं, ते घेतलं.

ज्याला फक्त अभ्यास, कोडिंग आणि ऑफिसचं काम आहे, त्याने हा रस्ता जरूर बघावा. ज्याला दोन वर्षांनी मोठं कार्ड लावायचं आहे, त्याने नको.

पुणे, विद्यार्थी

रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, कार्ड नाही. रॅम १६ची एक पट्टी न घेता ८-८च्या दोन घेतल्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्यांनी गेम खरोखर सुधारतो. होस्टेलच्या मित्राकडे हेच मशीन एका पट्टीवर होतं. त्याला मी माझी दुसरी पट्टी रात्रीपुरती लावून दाखवली, दुसऱ्या दिवशी तो जाऊन घेऊन आला.

कार्ड नंतर लावणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या. ५६००जी पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि प्रोसेसर जोडणारा मार्ग) ३.० वरच चालतो, बोर्ड ४.०चा असला तरी. आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या कार्डाला या मार्गाच्या चारच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) आहेत, त्यामुळे ३.० वर ते चांगलंच मागे पडतं. आठ लेनचं आरएक्स ६६०० घेतलं तर तेवढा त्रास नाही. मी त्यासाठीच थांबलोय.

बंगळूरु

वरच्या बऱ्याच जणांपेक्षा माझं मत वेगळं आहे. मी २०१४मध्ये आय३-४१३० घेतला, पुढे आय७ लावायचा म्हणून. २०१५मध्ये इंटेलचं सॉकेट बदललं, रॅमही डीडीआर३वरून डीडीआर४वर गेली. हाताशी पैसे आले तेव्हा त्या सॉकेटचा आय७ फक्त जुन्या बाजारात होता आणि त्याची किंमत ऐकून मी नवा आय५-८४००, बोर्ड आणि रॅम असंच घेतलं. मग २०१४च्या मशीनमधलं टिकलं काय? कॅबिनेट, एसएमपीएस, मॉनिटर, कीबोर्ड. हे चारही जण पुढची कित्येक वर्षं माझ्या टेबलावर होते.

म्हणून मी म्हणतो, प्रोसेसर बदलण्याच्या आशेवर बोर्डात जास्त पैसे अडकवू नका. रॅम, डिस्क, कार्ड या तीन गोष्टींची भर हमखास पडते, प्रोसेसरची क्वचित. धागा काढणाऱ्या दादांचं एएम४ त्याला अपवाद आहे, आणि एएमडीने एएम५ या त्यानंतरच्या सॉकेटलाही २०२७ आणि त्यापुढेपर्यंत साथ देऊ असं सांगितलंय. पण एएम५ला फक्त डीडीआर५ लागते, आणि ४० हजारांत मॉनिटरसकट ते बसवणं सध्या कठीण आहे.

नागपूर

डीडीआर५चा विषय निघालाच आहे तर सांगतो. "रॅम नंतर टाकू, ती दरवर्षी स्वस्तच होते" हा आपला जुना हिशेब २०२५च्या शेवटी पार बदलला. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी कमी पडायला लागली, कारखाने तिकडे वळले आणि काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशिअल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या पुतणीचं मशीन त्याच सुमारास जोडायचं होतं. आम्ही सांगलीच्या ताईंसारखंच केलं: घरातल्या बंद पडलेल्या मशीनच्या डीडीआर४च्या दोन पट्ट्या काढल्या, एका ओळखीच्या मशीनवर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवली, आणि त्यांना चालेल असा १७०० सॉकेटचा बोर्ड घेतला. वाचलेल्या पैशांतून २५६ ऐवजी ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आली.

घरात, नातेवाइकांकडे, ऑफिसच्या अडगळीत डीडीआर४च्या पट्ट्या असतील तर आधी त्या विचारा. लॅपटॉपच्या पट्ट्या आखूड असतात, त्या चालत नाहीत.

मुंबई, लॅमिंग्टन रोडवर काम केलंय

मी काउंटरच्या आतून बघितलेलं लिहितो. गिऱ्हाईक परत येतं ते बहुतेक वॉरंटीसाठी, आणि तिथे बिल नसतं किंवा बिलावर सिरीयल नंबर नसतो. बिल न घेता १८ टक्के जीएसटी वाचवणारा माणूस ३ वर्षांची वॉरंटी सोडून देत असतो. प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, खोकी माळ्यावर टाका. पुढे जुना पार्ट विकायचा झाला तरी बिल आणि खोकं असलेल्याला भाव बरा मिळतो, आणि तोच पैसा नव्या पार्टला लागतो.

दुसरं, इंटेलच्या बोर्डबद्दल. धागा काढणाऱ्यांनी एएम४च्या पिना प्रोसेसरला असतात असं लिहिलंय. इंटेलमध्ये, आणि आता एएम५मध्येही, पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसाइतक्या बारीक. वाकलेली एक पिन दिसली तरी सर्व्हिस सेंटर बोर्ड परत पाठवतं, म्हणतं हे फिजिकल डॅमेज. नव्या बोर्डाच्या सॉकेटवर काळी प्लॅस्टिकची टोपी असते. प्रोसेसर बसवला की ती निघते आणि जोडणारा मुलगा ती कचऱ्यात टाकतो. ती मागून घ्या, बोर्डाच्या खोक्यात ठेवा. बोर्ड वॉरंटीला द्यायची वेळ आली की प्रोसेसर काढून ती टोपी लावूनच द्यायचा असतो, आणि काउंटरवर देतानाच पिनांचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये काढून ठेवायचा.