कबुतराच्या पिसांतून निघणारी ही चपटी माशी कोणती?

हर्णैची_ढाबळ
आमची ढाबळ हर्णैला, समुद्राला लागूनच. पाऊस सरल्यापासून कबुतरांच्या अंगावर एक माशी दिसते. साधारण ६ मिमी, एकरंगी गडद तपकिरी, अंग इतकं चपटं नि चिवट की चिमटीत दाबली तरी मरत नाही. खेकड्यासारखी तिरकी पळते आणि पिसांत गडप होते. पंख दोनच, पारदर्शक, पोटाच्या बरेच मागे गेलेले. ज्या पिल्लांना पिसं फुटतायत त्यांच्यावर सगळ्यात जास्त. काल माझ्या मनगटाला चावली, अजून खाजतंय. पिल्लं मलूल झालीत, बघवत नाही. कुणी ओळखेल का?

मालवणी_झील
आमच्याकडे ढोरांच्या शेपटेखाली असतत तीच ही. गोमाशी.

भिंगवाला
दादा, कूळ तेच, हिप्पोबोसिडी. पण गुरांवरच्या माशीच्या पाठीवर फिकट पिवळसर ठिपके असतात, आणि ताई एकरंगी म्हणतायत. मला ही स्यूडोलिंकिया कॅनारिएन्सिस वाटते, म्हणजे खास कबुतरांवरची.

ताई, रंगावर मात्र विसंबू नका. एक माशी साबणाच्या पाण्यात मारा, कापसावर ठेवा आणि चांगल्या भिंगातून माथा बघा. दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे तीन बारीक साधे डोळे आहेत का? पक्ष्यांवरच्या ऑर्निथोमाया माशीला ते असतात, हिला नसतात. मग पंख उजेडात धरा. ऑर्निथोमायाला आडव्या शिरा तीन, हिला एकच. शिरा मोजायला वेळ लागतो, पण खरी खात्री तिथेच होते.

हर्णैची_ढाबळ
लेकाच्या शाळेतलं भिंग आणलं. माथ्यावर काही नाही, आडवी शीर एकच! आता दुसरं: घरट्याच्या फळीच्या फटीत काळे, चकचकीत, कडक दाणे सापडले. ही तिची अंडी का?

भिंगवाला
मग तीच. आणि दाणे म्हणजे अंडी नव्हेत, कोष. ही माशी अंडी घालतच नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, पुरती वाढली की फटीत टाकते. थोड्याच वेळात अळीचं कातडं काळं नि टणक होतं. त्यातून माशी बाहेर यायला महिनाभर जातो. म्हणून दर तीन आठवड्यांनी घरट्यातला काडीकचरा काढून जाळा, फटी खरवडा. फक्त पक्ष्यांवर औषध मारलं तर कोष तसेच राहतात.

पिल्लांचं रक्त पशुवैद्यांकडून काचपट्टीवर तपासून घ्याच. हीमोप्रोटियस कोलंबी हा रक्तातला परजीवी हीच माशी कबुतरांत पसरवते. सर्जां बंधूंनी १९०६ साली अल्जीरियात ते दाखवून दिलं. माणसाला तो होत नाही, तुमची खाज चाव्याचीच.

हर्णैची_ढाबळ
उद्या सकाळी दापोलीला घेऊन जाते. फळ्या आत्ताच खाली उतरवल्यात.